साडेनऊचा खेळ आणि साडेसातची एसटी

सिनेमागृहं रिकामी पडत चालली आहेत यावर आता दुमत उरलेलं नाही. ऑरमॅक्स या मनोरंजन क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या अहवालांनुसार 2019 मध्ये देशात 100 कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली होती. 2024 मध्ये हा आकडा 90 कोटींच्याही खाली आला. वाद आहे तो उपायांवर, आणि तो फार वरवर घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, तिकिटाचा दर 200 रुपयांवर बांधून टाका. दुसरी म्हणते, चित्रपट आठ आठवड्यांत ओटीटीवर येतो, तो सहा महिने येऊ देऊ नका. तिसरी म्हणते, मराठी चित्रपटाला संध्याकाळचे खेळ सक्तीने द्यायला लावा. हे बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंधेरीचं किंवा कोथरूडचं मल्टिप्लेक्स असतं. श्रीवर्धनपासून बांद्यापर्यंतच्या किनारपट्टीवरून पाहिलं तर यातली एकही मागणी मूळ दुखण्याला हात घालत नाही. इथे तिकीट खिडकीपर्यंत पोहोचणं आणि खेळ सुटल्यावर घरी परतणं हाच मोठा खर्च आहे आणि मोठी दगदगही.

कोकणात प्रेक्षक वाढवायचा तर आधी तालुक्याच्या गावी शंभर-सव्वाशे खुर्च्यांचा हॉल हवा. त्यात खेळांच्या वेळा एसटीच्या वेळापत्रकाला धरून लागायला हव्यात. आणि आत बसल्यावर चित्र उजळ दिसायला हवं, संवाद ऐकू यायला हवेत. तिकिटाचा दर यानंतरचा प्रश्न आहे. सरकारला या धंद्यात पैसा घालायचाच असेल तर तो कर माफ करण्यात घालू नये. असे हॉल उभे करण्यात घालावा.

दर बांधण्याच्या मागणीमागे ठोस पुरावा आहे, हे आधी मान्य करायला हवं. 23 सप्टेंबर 2022 या राष्ट्रीय चित्रपट दिनी मल्टिप्लेक्सांनी 75 रुपयांत तिकीट दिलं आणि त्या एका दिवसात 65 लाख लोक आल्याचं त्यांच्याच संघटनेने जाहीर केलं. स्वस्त तिकिटाने माणसं येतात, यात शंकाच नाही. पण ती कुठून आली? जिथे मल्टिप्लेक्स आहे तिथून. देवगडच्या किंवा गुहागरच्या माणसासाठी त्या दिवशी काहीच बदललं नाही. सक्तीने दर बांधल्यावर काय होतं याचाही अनुभव जुना नाही. आंध्र प्रदेश सरकारने एप्रिल 2021 मध्ये आदेश काढून ग्रामपंचायत हद्दीतल्या साध्या थिएटरचं सगळ्यात खालचं तिकीट 5 रुपयांवर आणलं. डिसेंबरपर्यंत दर परवडत नाहीत म्हणून, आणि सोबत सुरू झालेल्या परवाना तपासण्यांमुळे, तिथल्या अनेक थिएटरांना कुलपं लागली. मार्च 2022 मध्ये सरकारला दर वाढवून द्यावे लागले. कर्नाटकाने सप्टेंबर 2025 मध्ये 200 रुपयांची मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. दर बांधण्याचा पहिला फटका लहान गावातल्या थिएटरला बसतो, कारण त्याच्याकडे महागड्या पॉपकॉर्नवर तूट भरून काढण्याची सोय नसते.

लहान हॉलने आपला दर स्वतः कुठे ठेवावा, हे मात्र सप्टेंबर 2025 च्या जीएसटी बदलाने जवळजवळ ठरवून दिलं आहे. 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, त्यावरच्या तिकिटावर तो 18 टक्केच राहिला. मूळ दर 100 ठेवला तर प्रेक्षकाला तिकीट 105 रुपयांना पडतं. तोच 101 केला तर 119 ला. थिएटरच्या हाती एक रुपया जास्त येतो आणि प्रेक्षकाच्या खिशातून चौदा जास्त जातात. कोकणातल्या कुठल्याही हॉलने ही रेघ ओलांडण्यात अर्थ नाही.

आता पुढचा हिशेब. चाळीस किलोमीटरवरच्या गावातून चौघांचं कुटुंब सिनेमाला आलं तर तिकिटांचे 420 रुपये होतात. एसटीने जाऊन-येऊन जवळपास तेवढेच. रात्रीची गाडी चुकली आणि रिक्षा ठरवावी लागली तर सगळं गणितच कोलमडतं. तिकीट 105 चं 80 केलं तर चौघांमागे शंभर रुपये वाचतात. परतीची गाडी मिळेल अशा वेळी खेळ लावला तर त्याच्या कितीतरी पट वाचतात, आणि त्यासाठी कुणाला कायदा करावा लागत नाही.

दुसरा मुद्दा घरच्या पडद्याचा. मोबाईल आणि ओटीटीने घरातून उठून जाण्याची सवयच मोडली, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ही तक्रार सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके आपला पहिला चित्रपट घेऊन सुरतेला गेले तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये झाला, अशी नोंद आहे. लोक दोन आण्यांत सहा तास नाटक बघतात, तीन आण्यांत दीड तासाचं चित्र कशाला बघतील, असं त्यांना ऐकवलं गेलं. फाळक्यांनी तिकीट उतरवलं नाही. 57 हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आणे, अशी जाहिरात केली आणि गल्ला शेकड्यांत गेला. 1980 च्या दशकात व्हिडिओ आला, गावोगावी व्हिसीआरवर तिकीट लावून खेळ झाले, रविवारी सकाळी दूरदर्शनच्या पौराणिक मालिकांनी रस्ते ओस पाडले, तेव्हाही थिएटर संपल्याची ग्वाही देण्यात आली. 1994 मध्ये राजश्रीने 'हम आपके हैं कौन' हा आपला कौटुंबिक चित्रपट मोजक्या, नीटनेटक्या केलेल्या थिएटरांतच लावला, व्हिडिओवर तो येऊ दिला नाही, आणि घरी बसलेली कुटुंबं पुन्हा बाहेर पडली. ओटीटीचा अवधी वाढवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा ठरतो. अवधी वाढला तर फायदाच आहे. पण त्या वेळी व्हिडिओ रोखला म्हणून लोक थिएटरकडे वळले, कारण वळायला थिएटर होतं. जिथे हॉलच नाही तिथला माणूस सहा महिने वाट बघेल आणि मग मोबाईलवरच बघेल. किंवा दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी टेलिग्रामवर पाठवलेली चोरटी फाईल उघडेल.

कोकणी माणूस घराबाहेर पडत नाही, हे तर सिंधुदुर्गात कुणी म्हणूच नये. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांमधून दशावतार होतो. मध्यरात्र उलटल्यावर रंगात येणारा खेळ उजाडेपर्यंत चालतो आणि माणसं कडाक्याच्या थंडीत जमिनीवर बसून तो बघतात. संगमेश्वर-लांज्याकडे नमन-खेळे होतात, जाखडीचे सामने लागतात. त्यांना तिकीट नसतं, खर्च देवस्थान किंवा मंडळ उचलतं, ही बाजू मान्य. पण तिकीट नसलेल्या दहा गोष्टी मोबाईलवरही आहेत. तरी माणसं उठून जातात. का? तो खेळ त्यांच्या गावात होतो, कधी होणार ते वर्षभर आधी ठाऊक असतं, आणि बरोबर सगळं घर असतं. सिनेमाच्या धंद्याने या तीन गोष्टींपैकी एकही इथल्या माणसाला देऊ केलेली नाही.

यावर वितरकांचं उत्तर ठरलेलं असतं: माणसंच नाहीत, कुणासाठी हॉल चालवायचा? हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, तेव्हा तो आकड्यांनीच तपासू. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्रात मुंबई शहर सोडलं तर लोकसंख्या घटलेले दोनच जिल्हे होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं, मालवण शहरात एकोणीस हजारांच्याही आत. एक पडदा, 120 खुर्च्या, रोज चार खेळ धरले तर आठवड्याला 3,360 जागा होतात. त्यातल्या चौथाई भरल्या तर 840 तिकिटं, वर्षाला 43 हजार सहाशेच्या आसपास. मालवण तालुक्यात लाखाहून जास्त लोक राहतात. म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येकाने अडीच वर्षांत एकदा सिनेमा पाहिला तरी हे भागतं. देशाची सरासरी वीसेक महिन्यांत एकदा अशी आहे. मालवणच्या माणसाने देशाच्या सरासरीपेक्षाही कमी वेळा यावं, एवढीच ही अपेक्षा आहे. तारकर्लीला येणारे पर्यटक यात धरलेलेच नाहीत, मे महिन्यात आणि गणपतीत येणारे चाकरमानीही नाहीत.

अडचण लोकसंख्येत नाही, हॉलच्या आकारात आहे. तालुक्यांच्या गावी जी जुनी थिएटरं होती ती सहाशे-आठशे खुर्च्यांची. तेवढ्या जागेला लागणारी वीज आणि तेवढ्या छपराची डागडुजी, तिकिटं साठ गेली तरी तीच आणि सहाशे गेली तरी तीच. ती बंद पडली यात नवल नाही.

120 खुर्च्यांच्या हॉलचा महिन्याचा ताळेबंद ढोबळमानाने मांडतो. 100 रुपये मूळ दराने रोज 120 तिकिटं म्हणजे 12 हजार. मल्टिप्लेक्सांमध्ये 2009 च्या तडजोडीपासून पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा 50 टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस आणि 30 असा उतरत जातो. आपण सावधपणे सरसकट निम्मा धरू. हॉलकडे रोजचे 6 हजार, महिन्याला एक लाख ऐंशी हजार राहतात. दमट किनाऱ्यावर एवढ्या हॉलला 12 ते 15 टनांची वातानुकूलन यंत्रणा लागते, तिचं आणि प्रोजेक्टरचं बिल 75 हजारांच्या घरात जातं. पाच माणसांचे पगार तेवढेच. डिजिटल वितरणाचं शुल्क, जनरेटरचं डिझेल आणि सफाईत उरलेले तीस हजार संपतात. कॅन्टीनचे चार पैसे सुटतील ते मालकाचे. म्हणजे असा हॉल आपल्या पायावर उभा राहू शकतो, पण इमारतीचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता अंगावर आला की बुडतो. सरकारी पैसा कुठे हवा आणि कुठे नको, याचं उत्तर याच ताळेबंदात आहे.

प्रेक्षक कोण, याचाही विचार कुणी केलेला दिसत नाही. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात 1,036. कमावता पुरुष मुंबईत, बोटीवर किंवा आखातात; घर बाईच्या आणि म्हाताऱ्यांच्या हाती. असं असताना सगळ्यात भरवशाचा खेळ म्हणून रात्री साडेनऊचा धरायचा, हे कुठलं शहाणपण? तालुक्याच्या स्टँडवरून आतल्या गावांना जाणारी शेवटची गाडी, वस्तीची, बहुतेक मार्गांवर साडेसात-आठला सुटते. सहाचा खेळ साडेआठला सुटतो. म्हणजे संध्याकाळचे दोन्ही खेळ स्वतःचं वाहन नसलेल्या माणसाला बंदच. वेळा बदलून सकाळी दहा, दुपारी साडेबारा, दुपारी साडेतीन आणि शहरातल्या लोकांसाठी साडेसात अशा ठेवल्या तर पहिले तीन खेळ खेड्यांसाठी खुले होतात. साडेबाराचा खेळ तीनला सुटतो. बाई बाजार करून पाचच्या आत घरी पोहोचते. 17 मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे. सरकारने स्वतःच्या खर्चाने निम्मा प्रवास स्वस्त करून ठेवला आहे. थिएटरवाल्यांनी त्याचा उपयोग करून घेतला नाही. बचत गटांना चाळीस तिकिटं एकदम घेतल्यास दोन मोफत, खेळ आगाऊ ठरवून, हे कुठल्याही गावी करता येतं. मात्र त्याआधी स्वच्छ आणि आतून कडी लागणारं स्त्रियांचं प्रसाधनगृह हवं. खेळाच्या मध्यंतरात पंधरा मिनिटांत साठ बायकांची सोय व्हायची तर किमान चार संडास लागतात. जुन्या टॉकीजमध्ये एक असायचा, तोही बहुधा कुलूपबंद.

कॅलेंडरचंही तेच. चित्रपट शुक्रवारी येतो, दिवाळी-ईद-नाताळ बघून येतो, कारण वितरक मुंबई सर्किटच्या, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागाच्या, मोठ्या शहरांकडे बघतो. कोकणाचं वर्ष वेगळं चालतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण इथल्या बोटी किनाऱ्याला आणि खलाशी मोकळे. पण हातात पैसा बेताचा, तेव्हा या दोन महिन्यांत सकाळचा खेळ साठ रुपयांत लावावा. जुलैत भातलावणी चालू असते, खेड्यातून कुणी येणार नाही. त्या वेळी शहरातल्या शाळा-कॉलेजांवर भर द्यावा. एप्रिल-मेमध्ये आंबा बागायतीत काम करणारे नेपाळी मजूर हजारोंनी असतात आणि हिंदी चित्रपट आवडीने बघतात. गणपतीचे पहिले पाच-सात दिवस आरत्या-भजनांत जातात, तेव्हा खेळ लावून उपयोग नाही. गौरी-विसर्जनानंतर चाकरमानी परत जाईपर्यंतचे तीन-चार दिवस मात्र सोन्याचे असतात. शिमग्यात पालखी कुठल्या वाडीत कधी आहे ते बघूनच खेळ ठरवावेत. झाडीपट्टीच्या रंगभूमीने हेच केलं. दिवाळीनंतर धान घरात आल्यावर हंगाम सुरू, वडशाला सगळ्या मंडळ्यांची बुकिंग, आणि पूर्व विदर्भातल्या खेड्यांत तिकीट लावून रात्र-रात्र नाटक. पैसा लोकांकडे कधी असतो आणि सवड कधी असते, हे ओळखून चालणारा धंदा अजून टिकून आहे.

आता हॉलच्या आत येऊ. कोकणातल्या प्रेक्षकाला काय सोसावं लागतं ते ठाऊक असल्याशिवाय त्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. पहिला शत्रू छप्पर. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हॉलवर पत्रे असतात. जून ते सप्टेंबर चार महिने हळू आवाजातला एकही संवाद ऐकू येत नाही. ऑपरेटर आवाज वाढवतो, मग गाणं लागलं की कान फाटतात. साधं सीलिंग टांगून हे थांबत नाही, कारण ते पत्र्याच्याच सांगाड्याला बांधलेलं असतं आणि कंप खाली उतरतो. पत्र्याखाली 50 मिलिमीटर रॉकवूल, मग हवेची पोकळी, मग रबरी हँगरवर टांगलेले जिप्सम बोर्डचे दोन थर, अशी रचना लागते. हे काम मेमध्येच संपवावं लागतं.

दुसरा शत्रू अंधुक चित्र. पडद्याच्या मध्यभागी 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा, हा जगभरचा दंडक आहे. मधल्या रांगेत मीटर धरून तो दोन मिनिटांत मोजता येतो, तरी कुणी मोजत नाही. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा 2 किलोवॉटचा दिवा साधारण 2,000 तासांचा. रोज दहा तास चालवला तर सात महिन्यांच्या आत बदलायला हवा. दिवा महाग म्हणून तो दीड-दोन वर्षं ओढतात, वर विद्युतप्रवाह कमी ठेवतात. त्यात केबिनच्या काचेवर खाऱ्या हवेचा थर. 3डीच्या लाटेत बसवलेला चंदेरी पडदा तसाच राहिला असेल तर मधे लख्ख आणि कडेला काळोख. घरच्या टीव्हीवर यापेक्षा चांगलं दिसतं, असं प्रेक्षक म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. नवा प्रोजेक्टर घ्यायचा झाला तर लेझरचाच घ्यावा: उजेडाचा स्रोत 20 हजार तासांच्या वर टिकतो, वीज कमी खातो, आणि दिवा बदलायला मुंबईहून माणूस बोलवावा लागत नाही.

आवाजाचं दुखणं तर निव्वळ दुर्लक्षाचं आहे. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्याच्या हॉर्नमधला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, गेला की शब्द अस्पष्ट होतात, पण संगीत बाजूच्या स्पीकरांतून येत राहतं, म्हणून केबिनमध्ये कुणाला कळत नाही. शुक्रवारी पहिल्या खेळाआधी एकेका स्पीकरवर चाचणीचा ध्वनी सोडून हॉलमध्ये उभं राहून ऐकायला दहा मिनिटं लागतात. विजेचंही असंच. जोराचा वारा सुटला की लाईट जाते. जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत उचलतो, पण तेवढ्यात चित्रपट चालवणारा सर्व्हर बंद पडलेला असतो आणि पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. दिव्याचा पंखा अचानक थांबल्याने दिवा तापून त्याचं आयुष्य घटतं ते वेगळंच. सर्व्हर आणि पंखा यांना वेगळा यूपीएस दिला तर दोन्ही टळतं. चित्रपटाची फाईल उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तासांसाठीच चालते. सर्व्हर दुरुस्तीत बदलला आणि वितरकाला कळवलं नाही की शुक्रवारी सकाळी खेळ रद्द. गुरुवारी रात्री एकदा चालवून बघणं हाच यावर उपाय. आणि पावसाळ्यात हॉल बंद ठेवण्याचा मोह आवरावा: चार महिने कोंडलेल्या हवेत पडद्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते पुसून जात नाहीत. खेळ नसला तरी रोज दोन तास यंत्रणा चालवून हवा कोरडी करावी लागते.

मराठी चित्रपटाच्या सक्तीच्या खेळांबद्दल. 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सांना दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं. हेतू चांगला होता आणि मोठ्या शहरांत अशी सक्ती लागतेही. पण एकपडदा हॉलला जाचते ती वितरकाची उलटी सक्ती: पहिल्या आठवड्यात चारही खेळ आमच्याच चित्रपटाला द्या. वेंगुर्ल्यासारख्या बारा-तेरा हजारांच्या शहरात एका चित्रपटाचा प्रेक्षक पाच दिवसांत संपतो, आणि त्याच आठवड्यात आलेले बाकीचे चित्रपट तिथे कधी पोहोचतच नाहीत. तीस हजारांच्या आतल्या शहरात एका चित्रपटाला दिवसाला जास्तीत जास्त दोनच खेळ, असा करार निर्मात्यांच्या आणि प्रदर्शकांच्या संघटनांनी आपसात केला तर मराठी चित्रपटाला सक्तीशिवाय जागा मिळेल. दिवसाला तीन वेगळे चित्रपट लागले की एकच घर आठवड्यात दोनदा येऊ शकतं. चांगले चित्रपटच निघत नाहीत, ही ओरड मी सध्या बाजूला ठेवतो. चांगला निघाला तरी तो इथे लागत नाही, हे आधी सोडवायला हवं.

उरतो पैशाचा प्रश्न. करमणुकीसाठी सरकारने खर्च का करावा, रस्ते आणि दवाखाने पडून असताना? प्रश्न रास्त आहे. पण राज्य सरकार हा खर्च आजही करतंच. दर्जेदार मराठी चित्रपटाला 'अ' वर्गात 40 लाख आणि 'ब' वर्गात 30 लाख अनुदान मिळतं. चित्रपट बनवायला पैसा द्यायचा आणि तो दाखवायला जागा आहे का ते बघायचं नाही, असा हा कारभार आहे. केरळमध्ये राज्याचं चित्रपट विकास महामंडळ स्वतः थिएटरं चालवतं. जम्मू-काश्मीर प्रशासनाने 2022 मध्ये पुलवामा आणि शोपियानला बहुउद्देशीय सिनेमा हॉल सुरू केले. आपल्याकडे तर इमारतीही आहेत. रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह ही नगरपालिकांची मालमत्ता आहे, आणि अशा नाट्यगृहांत वर्षातले कितीतरी दिवस तारीख नसते.

नाटकवाले याला विरोध करतील आणि त्यांचा विरोध ऐकायला हवा: नाट्यगृह नाटकासाठीच बांधलेलं असतं. म्हणून नाटकाच्या तारखा आधी लागाव्यात आणि उरलेल्यांतून आठवड्याचे दोन-तीन दिवस सिनेमाला मिळावेत. पडदा वर गुंडाळला जाणारा हवा, मागचे तीन स्पीकर चाकांच्या स्टँडवर, म्हणजे अर्ध्या तासात रंगमंच मोकळा होतो. नाटकाच्या हॉलमध्ये आवाज जरा घुमावा लागतो, सिनेमाला ते घुमणं बाधतं. दोन्ही भिंतींवर सरकते जाड पडदे आणि मागच्या भिंतीला ध्वनी शोषणारे पॅनेल लावले की दोन्ही भागतं. या सगळ्याचा खर्च लाखांत जातो, कोटीत नाही.

जिथे नाट्यगृह नाही आणि जुनी टॉकीज बंद पडून आहे, तिथे फक्त बाल्कनी वेगळी करून सव्वाशे-दीडशे खुर्च्यांचा हॉल करता येतो. खालचा भाग मालकाने दुसऱ्या कामाला वापरावा. इथे एकाच बाबतीत काटकसर चालणार नाही. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार सिनेमाला आग लागून 59 माणसं गेली ती बाल्कनीतली, जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवल्यामुळे. बाल्कनीच्या हॉलला थेट बाहेर उतरणारे दोन स्वतंत्र जिने नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना देऊच नये.

हॉल उभा झाला की नगरपालिकेने तो स्वतः चालवू नये, चालवायला द्यावा. आणि ही योजना फसलीच तर इथे फसेल. निविदा नेहमीच्या पद्धतीने निघाली तर जो सर्वात जास्त वार्षिक भाडं देईल त्याला हॉल मिळतो. मग तो माणूस भाडं भरून काढायला दिवा दोन वर्षं ओढतो, वातानुकूलन अर्ध्या क्षमतेवर चालवतो, प्रसाधनगृहाला कुलूप लावतो, आणि तिसऱ्या वर्षी हॉल पुन्हा बंद. भाडं वर्षाला एक रुपया ठेवा. निविदेत स्पर्धा लावा ती वर्षातल्या खेळांच्या संख्येवर, साडेतीनच्या आतल्या खेळांच्या प्रमाणावर आणि देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवायच्या रकमेवर. दर तीन महिन्यांनी पडद्यावरचा उजेड आणि मधल्या स्पीकरचा आवाज मोजून तो कागद तिकीट खिडकीशेजारी लावणं बंधनकारक करा. सलग दोनदा मोजमाप खाली गेलं तर करार रद्द करण्याचा अधिकार नगरपालिकेकडे ठेवा.